जुन्या मोटारीचा सांगाडा : काम अंगणातले, जोखीम रस्त्यावरची

परभणी, सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली मोटार, हे मराठवाड्याला अपरिचित दृश्य नाही. आजोबांनी हौसेने घेतलेली, वडिलांनी काही वर्षे चालवलेली आणि नंतर सुटे भाग मिळेनासे झाल्याने जागच्या जागी थांबलेली ही गाडी नातवाला एक दिवस पुन्हा रस्त्यावर आणावीशी वाटते. अशा वेळी पहिला खर्च बहुतेकदा रंगावर होतो. बाहेरचा पत्रा लांबी भरून, घासून, चकचकीत केला जातो आणि खालचा सांगाडा मात्र काळ्या रंगाचा एक हात देऊन सोडून दिला जातो. दुरुस्तीची ही चाल उलटी आहे. रंग बिघडला तर गाडी वाईट दिसते; सांगाडा दगावला तर माणूस दगावतो.

घरच्या घरी सांगाड्याचे काम करायचे, तर मुळात गाडीला वेगळा सांगाडा असावा लागतो. साठच्या दशकात भारतीय रस्त्यांवर ज्या तीन मोटारी प्रामुख्याने दिसत, त्यांपैकी अॅम्बेसेडर आणि फियाट या दोन्हींची रचना एकसंध होती. त्यांत पत्र्याची कायाच सांगाड्याचे काम करते. तिसरी मोटार म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून ती भारतात तयार केली. हेराल्डचा सांगाडा स्वतंत्र आहे आणि वरची काया बोल्ट सोडवून त्यावरून उचलता येते. जीपगाड्यांचीही गोष्ट तीच. परंतु ज्याला स्पोर्ट्स कारचा सांगाडा म्हणता येईल, त्याच्या सर्वांत जवळचे आपल्याकडचे उदाहरण हेराल्डचेच.

या नात्यामागे एक व्यापारी अडचण आहे. इंग्लंडमधील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने १९५९ मध्ये ट्रायम्फ हेराल्ड बाजारात आणली, तेव्हा जगभर एकसंध रचनेचा जमाना सुरू झाला होता. पण या कंपनीला मोटारींच्या काया पुरवणारा कारखाना १९५३ मध्येच प्रतिस्पर्धी बीएमसीने ताब्यात घेतला होता. पूर्ण काया एका ठिकाणी घडवून देणारे कोणी उरले नाही. तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणी तुकडे बनवायचे आणि ते एका जुन्या धर्तीच्या सांगाड्यावर बोल्टने जोडायचे, असा मार्ग कंपनीने काढला. इटालियन रेखाटनकार जोव्हानी मिकेलोत्ती यांनी त्यावर देखणे रूप चढवले. हाच सांगाडा आखूड करून कंपनीने १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली. हेराल्डच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ९१.५ इंच, तर स्पिटफायरचे ८३ इंच. पुढचे सस्पेन्शन, मागचा आडवा कमानपाटा, पुढे उलटणारे भलेमोठे बॉनेट या गोष्टी दोघींत सारख्याच. स्पिटफायर भारतात कधी बनली नाही. पण मद्रासच्या हेराल्डखाली झोपून वर पाहणारा माणूस तिच्याच सख्ख्या बहिणीची हाडे पाहत असतो.

हा सांगाडा शिडीसारखा नसून माशाच्या काट्यासारखा आहे. मधोमध जवळजवळ असलेल्या दोन लांब पेट्या म्हणजे कणा, आणि त्यातून दोन्ही बाजूंना निघालेले आडवे हात. काया या हातांवर टेकते. हेराल्डमध्ये हातांची टोके बाजूच्या पट्टीने जोडलेली असतात. स्पिटफायरमध्ये ती पट्टी नाही आणि दाराखालच्या उंबरठ्याची पत्र्याची पेटीच तो भार वाहते. म्हणूनच स्पिटफायरची काया उचलण्यापूर्वी दारांच्या चौकटीत लोखंडी आडवण बसवावी लागते. ती न लावल्यास काया मध्यभागी वाकते आणि पुढे दारे कधीच नीट लागत नाहीत.

गंज कण्यापेक्षा हातांना आधी धरतो. ते पातळ पत्र्याचे, पोकळ आणि चाकांच्या माऱ्यात असतात. परभणीची हवा मुंबई-कोकणासारखी खारी नाही, हे येथील गाड्यांचे भाग्य. पण काळ्या मातीचा चिखल पोकळीत शिरला की तो पाणी धरून ठेवतो आणि वरून कोरडा दिसणारा सांगाडा आतून महिनोन् महिने ओला राहतो. त्याहून मोठा शत्रू म्हणजे गाडी ठेवण्याची जागा. आपल्याकडे बंद पडलेली मोटार गोठ्याच्या कडेला किंवा खताच्या गोदामात ढकलण्याची रीत आहे. युरिया आणि पोटॅश हवेतला ओलावा ओढून घेतात व लोखंड खातात. जनावरांच्या मूत्राचेही तेच. अशा जागी दहा पावसाळे काढलेल्या गाडीपेक्षा उघड्यावर निंबाखाली उभी राहिलेली गाडी पुष्कळदा चांगल्या स्थितीत निघते.

कामाची सुरुवात पान्याने नव्हे, तर कागदाने करावी. आरसी पुस्तकावरील चेसिस क्रमांक गाडीवर नेमका कोठे आहे, हे शोधून त्याची पेन्सिलने ट्रेस घ्यावी आणि छायाचित्र काढावे. गंज घासण्याच्या भरात ग्राइंडर क्रमांकावरून फिरला, तर ती गाडी कागदोपत्री अनाथ होते. क्रमांक असलेला भाग वा पट्टी काम संपेपर्यंत झाकून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

दुसरे काम मोजमापाचे. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. गवंड्याचा ओळंबा, दोरी, खडू आणि पाण्याची पारदर्शक नळी पुरते. सांगाडा सपाट फरशीवर चार मजबूत स्टँडवर नळीच्या साह्याने समपातळीत घ्यावा. विटांची किंवा दगडांची चळत या कामी वापरू नये. वीट सूचना न देता फुटते, आणि केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. मग सस्पेन्शनच्या बोल्टच्या छिद्रांतून ओळंबा सोडून फरशीवर खुणा कराव्यात आणि त्यांचे कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे भरले तर सांगाडा काटकोनात आहे. काही मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, तर गाडीने पूर्वी कधीतरी जबर धक्का खाल्ला आहे असे समजावे. असा सांगाडा घरी ओढून सरळ करण्याचा मोह टाळलेलाच बरा. ही मापे लिहून ठेवावी लागतात, कारण वेल्डिंगनंतर ती पुन्हा ताडून पाहायची असतात.

बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, कारण स्फोट पेट्रोलच्या वाफेचा होतो. हेराल्डचे बॉनेट वेगळे काढले की उरलेली काया पुढची व मागची अशा दोन भागांत सुटते आणि चार-पाच माणसे ती हातांनी उचलून बाजूला ठेवू शकतात. प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावण्याचा कंटाळा करू नये. काया आणि सांगाडा यांच्यामधील चकत्या किती व कोठे होत्या, हे नंतर कोणालाही आठवत नाही.

सांगाडा उघडा पडला की लहान हातोडीने इंच इंच ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणते, कुजलेले भदभद वाजते. टोकदार टोच्याने दाबल्यावर पत्रा आत गेला, तर तेथे रंग नव्हे, नवा पत्राच हवा. पृष्ठभागावरील गंज तारेच्या ब्रशने निघतो. वाळूचा फवारा मारून सांगाडा पांढरा करून देणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. घरी हा प्रयोग करू नये, निदान साध्या वाळूने तरी मुळीच नाही. तिच्या धुळीतील सिलिकामुळे फुप्फुसांना सिलिकोसिस जडतो आणि त्यावर बरे करणारा उपाय नाही. बाजारात मिळणारे मिठाचे आम्ल ओतून गंज काढण्याची युक्तीही फसवी आहे. ते पोकळ्यांत आणि सांध्यांत अडकून राहते व रंगाखाली नवा गंज उगवतो. फॉस्फोरिक आम्लावर आधारलेली गंजनाशके त्या मानाने सौम्य. छोट्या कोनांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेच्या प्रवाहाने गंज काढण्याची पद्धत उत्तम. मात्र दुसरे टोक साध्या लोखंडाचे असावे, स्टेनलेस स्टीलचे नव्हे. स्टेनलेसमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. भांडेही उघड्या हवेत हवे, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघतो.

यानंतरचा भाग खरा कसोटीचा. परभणी जिल्ह्यात वेल्डिंग करणाऱ्यांना तोटा नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगर, लोखंडी दारे यांवर त्यांचा हात बसलेला आहे. पण ट्रॉलीच्या जाड चॅनेलला शोभणारी कांडी मोटारीच्या पातळ पेटीला भोके पाडते. मग भोक बुजवण्यासाठी आणखी कांडी, तिच्यावर आणखी एक, असा लोखंडाचा ढीग साचतो. बाहेरून तो भक्कम भासला, तरी शेजारचा पत्रा उष्णतेने कडक व ठिसूळ होऊन तेथेच तडकतो. या कामाला वायूच्या आवरणाखाली बारीक तारेने होणारे मिग वेल्डिंग योग्य. कुजलेला भाग चकाकणारे लोखंड लागेपर्यंत कापावा. गंजावर ठिगळ लावणे म्हणजे ओल्या भिंतीवर चुना फासणे होय. एका वेळी एकच हात कापावा आणि नवा जोडून झाल्यावरच दुसऱ्याला हात लावावा. सगळे एकदम कापले की मूळ मापे कशावर ताडायची, हा प्रश्न उरतो. सलग टाका न ओढता थोडा इकडे, थोडा पलीकडे असे जोडत गेल्यास सांगाडा पिळत नाही. ब्रेक साफ करण्याच्या क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नये. त्याच्या वाफेतून ज्योतीजवळ फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. ज्याला स्वतःच्या टाक्यावर भरवसा नाही त्याने सफाई, मोजणी व रंग घरी करावा आणि जोडकाम जाणकाराकडून करून घ्यावे. यात कमीपणा काही नाही.

रंगासाठी ऋतू निवडावा लागतो. उघडे केलेले लोखंड पावसाळ्यात काही तासांत तांबूस पडते. म्हणून साफ केलेल्या भागाला त्याच दिवशी प्राइमर मिळाला पाहिजे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी आणि लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सियस वर, हा रंगकामाचा प्रस्थापित नियम. मराठवाड्याच्या मे महिन्यातही हे काम साधत नाही. उन्हात तापलेल्या लोखंडावर रंगातील द्रावण पसरण्याआधीच उडते आणि थर भुसभुशीत बसतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे; तेही सकाळचे दव वाळल्यावर. आपल्याकडे रेड ऑक्साइडवर फार विश्वास आहे. परंतु नुसता रेड ऑक्साइड पाणी रोखत नाही. वर रंग न चढवता ठेवलेला सांगाडा त्याच्याखालून गंजतो. दोन घटकांचा इपॉक्सी प्राइमर आणि त्यावर ब्रशने दिलेले दोन हात घरी पुरेसे होतात. कडकारी मिसळून फवारण्याचे पॉलियुरेथेन रंग दिसतात सुरेख, पण त्यातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा लागू शकतो. साध्या कापडी मास्कने तो टळत नाही. पेट्यांच्या आत रंग पोहोचत नाही. तेथे पातळ मेण फवारावे आणि पाणी निथळण्याची मूळ छिद्रे उघडी आहेत ना, हे तारेने पाहावे. रंगाऱ्याने ही छिद्रे बुजवली की साऱ्या मेहनतीवर अक्षरशः पाणी साचते.

जुळवणीच्या वेळी दोन चुका वारंवार होतात. पहिली नट-बोल्टची. या गाडीचे आटे इंची मापाचे, बहुतांशी यूएनएफ पद्धतीचे आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानातला मिलिमीटरचा नट जोर लावून चढवला, तर तो चढतो आणि आटे मारतो. दुसरी चूक जिवावर बेतणारी. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली ज्या काशाच्या तुकड्यात आट्यांवर फिरतो, त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात ग्रीस नव्हे, गिअरचे ९० क्रमांकाचे घट्ट तेल भरावे असे निर्मात्याचे सांगणे होते. ग्रीसचा निप्पल दिसला की ग्रीस मारायचे, या सवयीने आटे कोरडे पडतात, दांडा आतून गंजतो आणि एके दिवशी वळणावर तुटून चाक आडवे होते. सांगाडा सुटलेला असतानाच हे दांडे बाहेर काढून आट्यांच्या मुळाशी खोबण किंवा तडा आहे का, ते पाहावे. सस्पेन्शनच्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरल्यावरच पक्के आवळायचे असतात. लोंबकळत्या अवस्थेत आवळल्यास रबर पिळलेल्या स्थितीतच अडकते व लवकर फाटते.

मागच्या बाजूची रचनाही भारतीय मिस्त्र्यांच्या फारशी पचनी पडली नव्हती. दोन्ही चाके स्वतंत्रपणे झुलवणाऱ्या या ॲक्सलमुळे वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यास मागचे चाक आत दुमडते. म्हणूनच हेराल्डचे उत्पादन १९७१ मध्ये थांबल्यावर कंपनीने काढलेल्या गॅझेल या मोटारीत एकसंध ॲक्सल दिला गेला. सांगाडा नवा झाला, तरी गाडीचा हा स्वभाव बदलत नाही.

कायद्याकडेही पाहणे प्राप्त आहे. पहिल्या नोंदणीला १५ वर्षे झाल्यावर खासगी मोटारीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येते. याखेरीज केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी व चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम अधिसूचित केले. नव्या नोंदणीस २० हजार रुपये, नंतरच्या फेरनोंदणीस ५ हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे वा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. वयाच्या अटीत आता सगळ्याच हेराल्ड बसतात. मात्र गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, तिच्या चेसिसमध्ये, कायेत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशीही अट आहे. कुजलेल्या हाताच्या जागी तसाच नवा हात बसवणे ही दुरुस्ती झाली. जीपच्या किंवा दुसऱ्या एखाद्या गाडीच्या चॅनेलवर हेराल्डची काया बसवणे हा फेरबदल. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे हा भेद दाखवायला कापण्यापूर्वीची व जोडल्यानंतरची छायाचित्रे आणि मापांची वही एवढाच पुरावा हाती असतो.

पहिल्या फेरीला गाव ओलांडू नये. चाळीस-पन्नास किलोमीटर झाल्यावर काया व सांगाडा जोडणारे सर्व बोल्ट आणि कमानपाट्याचे नट पुन्हा आवळावेत, नव्या रबरांनी बैठक घेतलेली असते. त्याच वेळी फरशीवरच्या त्या जुन्या खुणांवर गाडी आणून ओळंबा पुन्हा एकदा सोडून पाहावा.