सह्याद्रीहून जुने पाय

पावसाळ्यात पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना वाटेत एक तरी पैसा किडा आडवा येतोच. कुठे त्याला वाणी म्हणतात. बोटाएवढा लांब, काळाकुळकुळीत, जरा धक्का लागला की वेटोळं करून निपचित पडणारा. बहुतेक जण त्याला ओलांडून पुढे जातात आणि कोकणकड्यावर पोचल्यावर कॅमेरा काढतात. मला विचाराल तर थक्क होण्यासारखं बरंच काही त्याआधीच, पायाखाली असतं.

मोबाइल जमिनीला टेकवून बाजूने एक फोटो घ्या आणि तो मोठा करून पाहा. अंग म्हणजे नुसत्या कड्या. पहिल्या कडीला पाय नाहीत, पुढच्या तिन्हींना एकेक जोडी आणि त्यानंतर प्रत्येकीला दोन-दोन जोड्या. पन्नास कड्या भरल्या तर पाय झाले जवळपास १९०. फोटोत काही पाय एकमेकांना चिकटलेले दिसतात, मग थोडे फाकलेले, मग पुन्हा चिकटलेले. चालताना ही लाट शेपटीकडून डोक्याकडे सरकत जाते. एका वेळी बरेच पाय जमिनीवर रोवलेले असल्यामुळे त्याला जोर मिळतो आणि तो डोकं खुपसून माती रेटत आत शिरतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. बाकीचे दर वेळी कात टाकताना वाढत जातात.

हजाराहून अधिक पाय असलेला प्राणी २०२१ पर्यंत विज्ञानाला ठाऊक नव्हता. तोवरचा विक्रम ७५० पायांचा, कॅलिफोर्नियातल्या एका जातीचा. मग पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजांच्या शोधासाठी पाडलेल्या विंधनछिद्रात, जमिनीखाली ६० मीटरवर, एक फिकट, आंधळी मादी सापडली. तिच्या कड्या ३३० आणि पाय १,३०६. लांबी साडेनऊ सेंटिमीटर, रुंदी एक मिलिमीटरसुद्धा नाही!

पायांचा आकडा मोठा खराच, पण या किड्यांच्या वंशाचं वय त्याहून कितीतरी अचाट आहे. स्कॉटलंडमध्ये स्टोनहेवनजवळ माइक न्यूमन या बसचालकाला एक जीवाश्म मिळाला. त्यात उरलेला किडा जेमतेम सेंटिमीटरभर, पण अंगावरची श्वासाची छिद्रं शाबूत. म्हणजे तो पाण्यात नव्हे, जमिनीवर हवेत श्वास घेत होता. त्याचं वय ४० कोटी वर्षांहून अधिक. २००४ साली त्याला न्यूमन यांचंच नाव देण्यात आलं. हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत तो मोडतो.

४० कोटी वर्षं म्हणजे किती? मुंबई ते पुणे हा दीडशे किलोमीटरचा रस्ता म्हणजे तेवढा काळ धरा. हा किडा मुंबईहून निघाला आणि आपण आज पुण्यात उभे आहोत. पहिले डायनासोर दिसतात ते खोपोलीच्या आसपास. ज्या लाव्हाच्या खडकातून हरिश्चंद्रगड कोरला गेला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे पुणे पंचवीस किलोमीटरवर आल्यावरचा. माणूस ही जात शेवटच्या ११० मीटरमधली. आणि १६७४ सालचा रायगडावरचा राज्याभिषेक पुण्याच्या अलीकडे वीतभरही नाही. ज्या कातळावर हा किडा चालतो, त्याच्या सहापट जुना त्याचा वंश आहे.

वाटेत या वंशाने आकारही भलतेच घेतले. २०१८ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड किनाऱ्यावर कोसळलेल्या एका दगडात ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच एका नातलगाचे अवशेष मिळाले. जिवंतपणी तो अडीच मीटरहून लांब आणि सुमारे ५० किलो वजनाचा असावा, असा अंदाज आहे.

आज नोंदलेल्या जाती बारा हजारांच्या आसपास आहेत आणि न नोंदलेल्या त्याच्या कैकपट असाव्यात. सह्याद्रीच्या ओल्या पाचोळ्यात त्यांतला एखादा तुमच्या बुटाजवळूनही जात असेल. हे किडे कुजका पाला खातात आणि त्याची माती व्हायला हातभार लावतात. तेव्हा पुढच्या ट्रेकला दोन मिनिटं थांबा, बाजूने एक फोटो घ्या आणि कड्या मोजून बघा. दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा. किड्याला उचलू नका. अनेक जाती घाबरल्या की झोंबणारा, कातडीवर डाग पाडणारा द्रव सोडतात. चुकून हात लागलाच, तर धुतल्याशिवाय तो डोळ्यांना लावू नका.