दोन वाटा, दोन उत्तरे

नांदेडहून लातूरला जायच्या दोन वाटा. एक सडकेची, लोहा-अहमदपूर-चाकूरवरून. दुसरी आगगाडीची, पूर्णा-परभणी-परळीचा लांब वळसा घेणारी. कशाही गेलात तरी लातूर तेच! पण गणितात असा एक प्रांत आहे, की जिथे आलात कोणत्या वाटेने यावर उत्तर ठरते. या प्रकाराला ‘मोनोड्रोमी’ म्हणतात. नावाला वाचकांनी बिचकू नये. तो सांगायला मी आपल्या मराठवाड्याचाच नकाशा घेतो.

चारचे वर्गमूळ दोन, तसेच उणे दोनही. शून्याखेरीज प्रत्येक संख्येला अशी दोन मुळे असतात. संमिश्र संख्या एका रेषेवर मावत नाहीत, त्या कागदभर पसरतात. तो कागद म्हणजे आपला नकाशा. शून्य ठेवू या दोन्ही वाटांच्या मध्ये असलेल्या पालमला. मग बाकीचे प्रत्येक ठिकाण एकेक संख्या झाले. नांदेडच्या संख्येचे एकच मूळ घेऊन दोघे भाऊ निघाले, एक सडकेने, एक गाडीने. अट एवढीच, की वाटेत मूळ हळूहळू बदलत न्यायचे, मध्येच उडी मारायची नाही. लातुरास भेटून पाहतात, तो एकाचे उत्तर दुसऱ्याच्या नेमके उलट, अधिकाचे उणे!

चुकले कोण? कोणीच नाही. मुळाचा कोन संख्येच्या कोनाच्या निम्मा असतो. दोन्ही वाटा मिळून पालमभोवती ३६० अंशांचा फेरा होतो, म्हणून मुळांत १८० अंशांचे अंतर पडते. शून्य सोलापूरला ठेवले असते, तर उत्तरे बिनबोभाट जुळली असती.

जर्मन गणिती रीमान याने १८५१ च्या प्रबंधात यावर तोड काढली. कागद दुपदरी घ्या, म्हणजे एका फेऱ्यात माणूस दुसऱ्या पदरावर जातो आणि दुसऱ्या फेऱ्यात पहिल्यावर परततो.

अशा पदरांच्या विद्येत एक मराठी नाव कायमचे राहिले आहे, श्रीराम अभ्यंकर (१९३०–२०१२). एखादी संख्या ठरावीक वेळा मिळवली की शून्यच होते, अशा विलक्षण अंकगणितात पदरांची कोणकोणती रचना शक्य आहे, याची अटकळ त्यांनी १९५७ साली बांधली. रेनो आणि हार्बेटर यांनी ती सिद्ध केली १९९४ मध्ये. नांदेडचे विद्यापीठही त्याच सालचे.

मला यातले मोल वाटते ते असे. दोन प्रामाणिक माणसांची उत्तरे जुळेनात, तर लगेच एकाला खोटे पाडू नये. दोघांच्या मध्ये एखादे पालम असेल, जिथे दोघांपैकी कोणीच गेलेले नाही.