अर्ध्या मिलिग्रॅमचं अंडं आणि पृथ्वीला जवळजवळ वेढेल इतका धागा

जालना म्हटलं की मोसंबी, बियाणं आणि लोखंडी सळया आठवतात. २०१८ मध्ये त्यात रेशीम कोषांची भर पडली. राज्यातली पहिली कोष बाजारपेठ इथल्या बाजार समितीत सुरू झाली. त्याआधी मराठवाड्यातला तुती उत्पादक कोषांची पोती घेऊन थेट कर्नाटकातलं रामनगर गाठायचा. बाजारात चर्चा भावाची होते. पण या धंद्याचा हिशेब अंड्यापासून सुरू होतो, आणि तो कागदावर मांडला की डोकं गरगरतं.

रेशीम पतंगाची एक मादी चारशे ते पाचशे अंडी घालते. त्या सगळ्यांचा मिळून एक अंडीपुंज. एक अंडं जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमचं. शेतकऱ्याने १०० अंडीपुंज आणले की चाळीस-पन्नास हजार जीव घरात येतात, आणि त्यांचं सगळं मिळून वजन भरतं पंचवीसेक ग्रॅम!

पुढच्या साधारण पंचवीस दिवसांत अळी चार वेळा कात टाकते आणि जन्माच्या वजनाच्या सुमारे दहा हजार पट होते. तीन किलोचं बाळ याच वेगाने वाढलं, तर महिन्याच्या आत ३० टनांचं होईल. आयुष्यभरात खायच्या तुतीच्या पाल्यापैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला ती शेवटच्या अवस्थेत, आठवडाभरात फस्त करते. त्या आठवड्यात शेतकऱ्याचं कुटुंब किती झोपतं, हे विचारू नये.

मग ती चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठी ठेवलेल्या चौकटीवर, चढून कोष विणते. चांगल्या संकरित कोषात हजारेक मीटर अखंड धागा असतो. १०० अंडीपुंजांमागे ७० किलो कोष निघाले आणि किलोला साडेपाचशे कोष धरले, तर कोष झाले ३८,५०० आणि धागा ३८,५०० किलोमीटर. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर आहे ४०,०७५ किलोमीटर. एका शेडमधली एक बॅच पृथ्वीला वेढा घालायला थोडीशीच कमी पडते.

एवढा सगळा डोलारा कोसळवायला तीन-चार मायक्रॉनचा बीजाणू पुरतो. असे अडीचशे बीजाणू ओळीने ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. रोगाचं नाव पेब्रीन. त्याची खोड अशी की तो मादीच्या शरीरातून थेट अंड्यात उतरतो, म्हणजे अळी आजारीच जन्मते. फ्रान्समध्ये १८५३ साली २६,००० टन कोष निघत होते; १८६५ पर्यंत ते ४,००० टनांवर आले. त्याच वर्षी लुई पाश्चर या कामाला लागला. त्याचा उपाय अगदी साधा होता: प्रत्येक मादीला वेगळं ठेवायचं, तिची अंडी घालून झाली की तिला खलात कुटायचं आणि तो रस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बीजाणू दिसला की तिची अंडी नष्ट. दीडशे वर्षांनंतरही रोगमुक्त अंडीपुंजांचा पाया हाच आहे. मला तर पाश्चरच्या सगळ्या कामांत हे खलबत्त्याचं काम सर्वांत शेतकरी-उपयोगी वाटतं.

मग अंडी फॉर्मॅलिनच्या द्रावणात का धुतात? कवचावरचे जंतू मारायला. आतला पेब्रीन धुऊन जात नाही. समुद्री माशांच्या बीजकेंद्रांतही हाच पेच आहे. माशांची अंडीही आयोडीनसारख्या द्रावणाने वरून निर्जंतुक करता येतात, पण आईकडून आत आलेल्या विषाणूवर त्याचा इलाज चालत नाही. तिथेही आधी आई तपासावी लागते.

तपासलेलं अंडं घरी आल्यावर जबाबदारी शेतकऱ्याची. २५ अंश तापमान, ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, सगळ्या अळ्या एकाच सकाळी बाहेर याव्यात म्हणून शेवटचे दोन दिवस काळ्या कागदात गुंडाळणं. मग चॉकी, म्हणजे पहिल्या दोन अवस्था. संसर्गाला अळी याच वयात सर्वांत जास्त बळी पडते. त्यासाठी शेड आधी धुऊन २ टक्के ब्लीचिंग पावडर आणि चुन्याच्या निवळीने फवारायचं. या संपूर्ण धंद्यातला हा जवळपास सर्वांत स्वस्त खर्च आहे, आणि नेमकी काटकसर इथेच होते.

तेव्हा अंडीपुंज घेताना मादी तपासलेली आहे ना, हे आधी विचारा. आणि बॅच संपल्यावर ब्लीचिंगची पिशवी शिल्लक दिसली, तर तिला बचत समजू नका.