कोयना धरणाच्या भेगा कशा सांधल्या?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसर भूकंपाने हादरला. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. परंतु ज्या पातळीवर भिंतीच्या मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो, तेथे उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या.

सिमेंटचे कण अतिसूक्ष्म भेगेत शिरत नाहीत. म्हणून येथे इपॉक्सी राळ दाबाने भरण्यात आली. राळ आणि तिला कठीण करणारे द्रव्य ऐनवेळी मिसळावयाचे असते. हे मिश्रण वाळून नव्हे, तर रासायनिक क्रियेने घट्ट होते. त्याची पकड विलक्षण असते. मात्र भेगेत धूळ राहिली की ती पकड सुटते, आणि गावच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती फसते ती बहुधा याच ठिकाणी.

भेगा बुजल्या म्हणजे धरण सुरक्षित झाले, असे अभियंत्यांनी मानले नाही. राळेने तुटलेले सांधते. पुढचा धक्का सोसण्याचे वाढीव बळ तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी उंच खंड ताणलेल्या पोलादी तारांनी आवळण्यात आले व पुढे त्यांना मागून काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले. हे काम १९७३ मध्ये झाले. सांडव्याच्या भागाचे बळकटीकरण व्हावयास मात्र २००६ साल उजाडले.