कठीण शब्दांचं इंग्रजी : समज आणि वस्तुस्थिती

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी कठीण इंग्रजी शब्दांच्या यादीची पुस्तकं हमखास मिळतात. शब्द, पुढे उच्चार, त्यापुढे एक मराठी अर्थ. घोका आणि इंग्रजी पक्कं करा! मेहनतीला नावं ठेवायचं कारण नाही. पण प्रगत शब्द म्हणजे दुर्मीळ शब्द, या ज्या समजुतीवर ही पुस्तकं खपतात, तीच मुळात चुकीची आहे.

न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये याचा हिशेब मांडला. कादंबरी किंवा वर्तमानपत्र न अडखळता वाचायचं तर त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. हेल्प, हेल्पर, हेल्पफुल, हेल्पलेस हे सगळं मिळून एक कुटुंब. ऑक्सफर्डच्या वीस खंडी कोशात याच्या कितीतरी पट शब्द आहेत, पण त्यातले बरेचसे कोशातच सुखाने नांदतात. न्यूझीलंडच्याच एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात सारखे भेटणारे शब्द वेगळे काढले. ती ५७० कुटुंबं भरली, आणि अशा लेखनातला साधारण दहावा हिस्सा तेवढ्यांनीच व्यापलेला असतो. त्यात एव्हिडन्स आहे, असेस आहे, सिग्निफिकंट आहे. भित्र्या माणसाला ‘पुसिलॅनिमस’ म्हणतात हे पाठ असलेला मुलगा ‘असेस’ आणि ‘अझ्यूम’मध्ये घोटाळा करतो, तेव्हा यादी कुठे चुकली ते कळतं. परीक्षाही बदलल्या आहेत. अमेरिकेतल्या उच्चशिक्षणासाठी देतात त्या जीआरईमधून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न २०११ मध्येच गेले. आता शब्द वाक्यात बसवून दाखवावा लागतो.

इथेच ‘एक शब्द, एक अर्थ’ ही पद्धत लंगडी पडते. ‘सँक्शन’ घ्या. बँकेत घरासाठीचं कर्ज सँक्शन झालं की आपण पेढे वाटतो. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतो की अमेरिकेने इराणवर सँक्शन्स लादले. एकीकडे मंजुरी, दुसरीकडे निर्बंध, आणि शब्द तोच. ‘ओव्हरसाइट’ त्याहून इरसाल. ओव्हरसाइट कमिटी म्हणजे देखरेख समिती, पण बिलातला आकडा ओव्हरसाइटमुळे चुकला म्हणजे नजरचुकीने. यादीत यातला एकच अर्थ छापलेला असेल तर विद्यार्थी अर्ध्या वेळा बरोबर उलटं समजणार. रंगछटेची गोष्ट वेगळीच. स्लिम आणि स्किनी या दोन्हींपुढे ‘बारीक’ लिहिलेलं असतं, पण स्लिम म्हणजे सडपातळ आणि स्किनी म्हणजे हडकुळी. लग्नाच्या जाहिरातीत यांची अदलाबदल करून पाहा!

शब्दांच्या धातूंवरून अर्थ काढता येतो, हा समज निम्मा खरा आहे. हायड्रो, थर्मो, कार्डिओ असे ग्रीक तुकडे शास्त्राच्या पुस्तकात चांगले कामाला येतात. पण महामार्गावर टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ‘इन’ म्हणजे नकार, असं शिकलेल्याने तो टँकर न पेटणारा समजायचा का? इथला ‘इन’ नकाराचा नाही. शब्द लॅटिनमधल्या ‘पेटवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. हाच गोंधळ टाळायला अमेरिकेत ‘फ्लेमेबल’ हे रूप रुजवलं गेलं. ‘एनर्व्हेट’ही असाच फसवा: ऐकून ‘एनर्जी’ आठवते, अर्थ मात्र गलितगात्र करणं.

रोज पन्नास शब्द पाठ करण्याबद्दल फार बोलायला नको. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि अंतराअंतराने उजळणी केली तरच टिकतं.

जड शब्द वापरले की माणूस हुशार वाटतो, असंही आपल्याकडे मानतात. सरकारी अर्जांतलं इंग्रजी याच श्रद्धेवर चालतं. डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने तोच मजकूर साध्या आणि मुद्दाम जड केलेल्या शब्दांत लोकांना वाचायला दिला. जड मजकुराचा लेखक वाचकांना कमी बुद्धिमान वाटला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लेखाचं शीर्षक त्याने थट्टेने अगडबंब शब्दांचं ठेवलं होतं. त्याला त्याच वर्षी साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी जमणार नाही, ही भीतीही बिनबुडाची. थोड्या शब्दांत इंग्रजी उलगडायचा मार्ग आपल्याच उपखंडात सापडला. ढाक्यात शिक्षकांना घडवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी पाहिलं की बंगाली मुलं पाठ्यपुस्तकातल्या अनावश्यक शब्दांतच अडकतात. १९३५ मध्ये त्यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासोबत एक कोश काढला. त्यात सुमारे २४ हजार नोंदींचे अर्थ अवघ्या १४९० सोप्या शब्दांत दिले होते. विद्यार्थ्यांसाठीचे आजचे इंग्रजी-इंग्रजी कोश त्याच वाटेने चालतात, आणि ऑक्सफर्ड व लाँगमनचे असे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. यादी हवी तर ठेवा, पण आजच्या इंग्रजी अग्रलेखातला अडलेला एक शब्द तिथे उघडा आणि अर्थाआधी त्याखालची उदाहरणाची वाक्यं वाचा.