लस टीबीची, तयारी भलत्याच जंतूंविरुद्ध

बीसीजी ही टीबीची लस. पण उत्तर स्वीडनमधले डॉक्टर कार्ल नेस्लुंड यांनी १९३२ साली मांडलेलं निरीक्षण टीबीच्या चौकटीत बसत नव्हतं. लस मिळालेली तान्ही मुलं पहिल्याच वर्षात इतरांपेक्षा कमी दगावत होती, आणि त्या वयातले बहुतेक मृत्यू टीबीचे नव्हतेच. पुढे गिनी-बिसाऊमध्ये १९७८पासून काम करणाऱ्या पीटर ओबी यांनाही कमी वजनाच्या अर्भकांत असंच काही दिसलं. पाठ्यपुस्तकांना हे मानवणारं नव्हतं. जंतू लक्षात ठेवणं हे टी आणि बी पेशींचं काम. सर्वांत आधी धावून जाणाऱ्या उपजत प्रतिकारशक्तीला स्मृती नसते, असंच शिकवलं जाई.

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या मिहाई नेतेआ यांच्या गटाने २०१२मध्ये हा समज हलवला. निरोगी माणसांना बीसीजी टोचली, नंतर त्यांच्या रक्तातल्या मोनोसाइट या उपजत प्रतिकारशक्तीच्या पेशींना टीबीशी संबंध नसलेल्या जंतूंसमोर ठेवलं. पेशींनी पूर्वीपेक्षा जोरात उत्तर दिलं, तेही तीन महिन्यांनंतर. जनुकांची अक्षरं तीच होती. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवरच्या रासायनिक खुणा बदलल्या होत्या. पण मोनोसाइट रक्तात जेमतेम काही दिवस जगतो! मग आठवण राहते कुठे? अस्थिमज्जेत. तिथल्या मूळपेशींनाच वळण लागतं, हे आधी उंदरांत आणि २०२०मध्ये माणसांत दिसलं.

मात्र सगळ्यांच्या पेशी सारख्या शिकत नाहीत, आणि खरा शोध इथून सुरू होतो. याच गटाच्या ‘ह्यूमन फंक्शनल जीनोमिक्स प्रोजेक्ट’च्या एका संचात सुमारे पाचशे निरोगी लोकांची जनुकीय माहिती आहे, शिवाय त्याच माणसांच्या पेशींनी कोणत्या जंतूला किती सायटोकाइन, म्हणजे संदेश देणारी प्रथिनं, सोडून उत्तर दिलं, हेही आहे. ‘३००बीसीजी’ या संचात तीनशेवर माणसांचं रक्त लशीपूर्वी, दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी तपासलं. नुसत्या जनुकांच्या याद्या जगात पुष्कळ आहेत. माझ्या मते मोल आहे ते या जोडीला. त्यातून कळलं की वारशासोबत बाकीचंही बोलतं: वय, ऋतू, लस सकाळी टोचली की संध्याकाळी हेसुद्धा. टांझानियातल्या मोशी परिसरात शहरी आणि ग्रामीण लोकांच्या पेशी वेगळं वागल्या, आणि त्या फरकाचे धागे आहारापर्यंत गेले.

उत्साहाला आवर घालणारा निकालही आहे. ‘ब्रेस’ या मोठ्या चाचणीत बीसीजीने आरोग्य कर्मचाऱ्यांना कोविडपासून वाचवल्याचं दिसलं नाही. म्हणूनच लस कोणात काम करते, हे शोधणं भाग आहे.

आपल्याकडे ‘जीनोमइंडिया’ने सुमारे दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले, जानेवारी २०२५मध्ये ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांसाठी खुली झाली. पण तो प्रकल्प भारतीयांमधली जनुकीय विविधता नोंदवण्यासाठी होता. जिवंत पेशींना डिवचून पाहणं त्याचं काम नव्हतं. शिवाय नायमेखनचा प्रयोग इथे जसाच्या तसा करताही येणार नाही. नेदरलँड्सने बीसीजी सरसकट कधी दिलीच नाही, म्हणून तिथे लस न घेतलेली प्रौढ माणसं सहज मिळतात. आपल्याकडे ती जन्मताच टोचतात. लशीपूर्वीचं रक्त हवं असेल तर ते प्रसूतिगृहात, नाळेतूनच घ्यावं लागेल.