दम्याचा पंप आणि पोटातले बाळ

‘दिवस गेलेत, आता पंप बंद कर!’ दमा असलेल्या गर्भवतीला हा सल्ला हमखास मिळतो. हेतू चांगला, पण परिणाम?

पोटातले बाळ स्वतः श्वास घेत नाही. आईच्या रक्तातला ऑक्सिजन वारेमार्फत त्याच्या रक्तात येतो. दम्यात आईच्या श्वासनलिका सुजतात, आकसतात. झटका तीव्र असला तर तिच्या रक्तातला ऑक्सिजन घटतो, साहजिकच बाळाचाही. दमा आटोक्यात नसेल तर अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ जन्मण्याची शक्यता वाढते.

पंपातल्या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकी थोडी असते आणि ते मुख्यतः श्वासनलिकांतच काम करते. गरोदरपणात दर तिघींपैकी सुमारे एकीचा दमा बळावतो. म्हणून औषध परस्पर थांबवू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावे. बंद करायचा तो तिच्याभोवतीचा धूर: चुलीचा आणि विडीचा!